ठिपक्यांचे एनॅमल, चिनी मातीची बरणी आणि खानापूरचे मडके : कोणते भांडे कशाने जाते?

शहापूरचा वाटसरू

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात नंदगडचे आमचे जुने घर शाकारण्याच्या निमित्ताने माळा रिकामा करावा लागला आणि आजीच्या संसारातील तीन वस्तू हाती लागल्या. पहिली म्हणजे गडद निळ्यावर पांढरे बारीक ठिपके असलेले, झाकणाचे, साधारण तीन लिटरचे एनॅमलचे पातेले. दुसरी म्हणजे आजोबांचा पलटणीतला पांढरा मग. त्याची कड निळी आहे आणि कानाजवळ टवका उडून तेवढा भाग काळा पडला आहे. (आजोबा बेळगावच्याच मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रात शिकून तयार झाले होते, आणि निवृत्तीनंतर त्या मगाखेरीज दुसऱ्या कशातून त्यांनी चहा घेतल्याचे मला आठवत नाही.) तिसरी म्हणजे खाली पांढरट आणि वर तपकिरी अशी चिनी मातीची लोणच्याची बरणी, जिच्या अंगावर केसासारख्या चिरांचे जाळे उमटलेले आहे आणि जी धुऊन, पुसून ठेवली तरी आठ दिवसांत बाहेरून पांढरी होते.

आता खरी अडचण सांगतो. आजीच्या पातेल्यासारखेच दिसणारे ठिपक्यांचे एक नवे पातेले आम्ही चार महिन्यांपूर्वी ऑनलाइन मागवले होते. तीन आठवडे ते उत्तम चालले. एके रात्री फडताळातून 'टिक्' असा बारीक आवाज आला. सकाळी पाहिले तर पातेल्याच्या बाहेरच्या अंगावरून तांदळाच्या कणीएवढे, कापलेल्या नखासारखे अर्धचंद्राकृती टवके उडालेले होते आणि फडताळाच्या कागदावर काचेचा चुरा पडलेला होता. त्या रात्री त्याला कोणी हात लावलेला नव्हता. विक्रेत्याचे उत्तर असे आले की "वापरताना आपटले असावे."

आजीच्या हाताखाली निदान चाळीस वर्षे राबलेले पातेले शाबूत राहावे आणि नवे मात्र फडताळात बसल्या बसल्या फुटावे, याचे कारण कोणी सांगू शकेल का? तसेच या तीन जुन्या वस्तूंपैकी कोणती स्वयंपाकात परत घ्यावी आणि कोणती नुसती शोभेला ठेवावी, याबद्दलही जाणकारांनी लिहावे.

निपाणीची अक्का

मगापासून सुरुवात करते, कारण त्याचे उत्तर सोपे आहे. टवका बाहेरून उडाला असेल तर चहा खुशाल प्यावा, मात्र धुतल्यावर तेवढी जागा कोरडी पुसावी, म्हणजे गंज पसरत नाही. टवका आतून उडाला असेल तर त्यातून खाणेपिणे बंद करावे. गंजाने कोणी मरत नाही. भीती आहे ती टवक्याच्या कडेला सैल झालेली काच हळूहळू पोटात जाण्याची.

आजीच्या पातेल्यावर मात्र एवढ्यात जीव टाकू नका. आतला तळ खिडकीपाशी नेऊन तिरक्या उजेडात पाहा. आमच्या सासूबाई सगळी भांडी चुलीतल्या राखेने आणि नारळाच्या शेंडीने घासत असत. पितळेला राख मानवते, पण एनॅमलला ती मानवत नाही, हे कळेपर्यंत आमच्या दोन परातींचा तळ पाटीसारखा निस्तेज झाला होता. त्यानंतर त्यात हळदीचे डाग असे बसू लागले की ते उन्हात ठेवल्याशिवाय जात नसत.

भट्टीवरचा

वाटसरू, आपल्या फडताळातला तो 'टिक्' आवाज माझ्या चांगला ओळखीचा आहे. मी बावीस वर्षे एनॅमल चढवण्याच्या कारखान्यात भट्टीवर काढली असून त्या आवाजापायी आमचा माल अनेकदा परत आलेला आहे. आपण पातेले आपटलेले नाही. दोष पत्र्यात आहे, आणि तो समजण्यासाठी आधी हे भांडे बनते कसे ते थोडक्यात सांगावे लागेल.

एनॅमलला पुष्कळ जण रंग समजतात, पण ती पत्र्यावर वितळवून बसवलेली काच असते. वाळू, टाकणखार, फेल्डस्पार आणि सोडा अकराशे-बाराशे अंशांच्या भट्टीत वितळवून तो लालभडक रस पाण्यात ओततात. त्याबरोबर त्याचे तडतडत तुकडे होतात. या तुकड्यांना फ्रिट म्हणतात. ते थोड्या मातीबरोबर आणि पाण्याबरोबर गिरणीत तासन् तास दळले की दाट ताकासारखा घोळ तयार होतो. आम्लाने स्वच्छ केलेला पत्रा त्या घोळात बुडवायचा, निथळू द्यायचा, वाळवायचा आणि मग ८०० ते ८५० अंशांच्या भट्टीत तीन-चार मिनिटे ठेवायचा. पहिल्या थरात कोबाल्टचे ऑक्साइड असते, कारण लोखंडावर काच घट्ट धरून बसते ती त्याच्या जोरावर. कोबाल्टमुळेच हा थर गडद निळा किंवा काळपट दिसतो. पांढऱ्या मगाचा टवका उडाला की खाली लगेच चकचकीत पत्रा दिसत नाही, आधी काळसर थर दिसतो, तो हाच.

ठिपक्यांचे गुपितही यातच आहे. साधे पांढरे भांडे करायचे म्हटले की काळ्या थरावर पांढरा थर, आणि तो पातळ दिसला तर आणखी एक, असे थर वाढत जातात. ठिपक्यांच्या भांड्यात गडद थरावर पांढऱ्या घोळाचे शिंतोडे उडवले की काम झाले. काच जितकी पातळ तितकी ती धक्का अधिक सोसते, जाड काच लवकर उडते, हे ऐकायला उलटे वाटते, पण आमच्या धंद्यात नवा पोरगाही ते पहिल्या महिन्यात शिकतो. शिवाय शिंतोड्यांच्या नक्षीत बारीकसारीक डाग लपतात, हा कारखानदाराचा फायदा. अमेरिकेत सेंट लुईसच्या नीड्रिंगहाउस बंधूंनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असली करड्या छटांची भांडी इतकी खपवली, की ग्रॅनाइटसारख्या दिसणाऱ्या त्या भांड्यांवरून १८९६ साली वसलेल्या त्यांच्या औद्योगिक नगरीचे नावच ग्रॅनाइट सिटी पडले.

आता टवक्याकडे येतो. ओल्या घोळातली आणि भट्टीतल्या हवेतली वाफ तापलेल्या लोखंडाला भिडली की हायड्रोजन सुटतो आणि लालबुंद पत्रा तो शोषून घेतो. थंड पत्र्याला तेवढा हायड्रोजन धरून ठेवता येत नाही. तो बाहेर पडू पाहतो, तर वर काचेचे झाकण बसलेले असते. मग तो पत्रा आणि काच यांच्या सांध्यात साठत जातो आणि कधी दुसऱ्या दिवशी, तर कधी काही आठवड्यांनी काचेचा टवका उडवून मोकळा होतो. टवका मासळीच्या खवल्यासारखा अर्धगोल असतो, म्हणून या दोषाला खवले सुटणे म्हणतात. एनॅमलसाठी खास पत्रा मिळतो. त्याच्या पोटात हायड्रोजन सामावण्यापुरत्या अतिसूक्ष्म पोकळ्या राखलेल्या असतात. पैसे वाचवण्यासाठी बाजारातला साधा पत्रा वापरला की भांडे दुकानात देखणे दिसते आणि गिऱ्हाइकाच्या घरी फुटते. आपटल्याने उडालेला टवका वेडावाकडा असतो, त्याच्या मध्यावर माराची खूण असते आणि बहुधा पत्र्याला पोचाही आलेला असतो. आपल्या पातेल्यावर यांपैकी काय आहे ते भिंगाने पाहून कळवावे.

स्टीलप्रेमी

एवढा खटाटोप कशासाठी? स्टीलचे पातेले घ्यावे, घासावे आणि विसरून जावे. आमच्या घरी एनॅमल नाही, मातीचे काही नाही, आणि कोणाचे काही अडलेले नाही.

निपाणीची अक्का

स्टीलप्रेमींचे म्हणणे खोटे नाही, पण त्यांनी लोणचे कशात मुरवले आहे ते सांगावे. आमसुलाचे सार आणि चिंचेची आमटी आमच्याकडे एनॅमलच्या पातेल्यात होत असे, कारण त्या काळी घरात उरलेला पर्याय म्हणजे कल्हई गेलेले पितळ किंवा 'जर्मन'. (ॲल्युमिनियमला आपण जर्मन का म्हणतो कोण जाणे, लोखंडी भांड्याला आतून काच चढवण्याची खटपट मात्र अठराव्या शतकात खरोखरच जर्मनीत सुरू झाली, त्यामुळे ते नाव चुकून शेजारच्या भांड्याला चिकटले असे म्हणायला हरकत नाही.)

फळ्यापाशी

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवतो. अक्कांनी आंबटाचा विषय काढलाच आहे, तर त्यात एक सावधगिरी जोडतो. काच आम्लाला दाद देत नाही हे सर्वसाधारणपणे खरे असले, तरी सगळी काच सारखी नसते. पांढरा रंग आणण्यासाठी आज टायटॅनियमचे ऑक्साइड वापरतात. पूर्वी स्वस्त मालात ॲन्टिमनीचे ऑक्साइड वापरले जाई, आणि अशा बादल्यांत लिंबाचे सरबत रात्रभर ठेवल्यामुळे माणसांना उलट्या झाल्याच्या नोंदी विलायतेत गेल्या शतकाच्या पूर्वार्धात झालेल्या आहेत. भडक लाल, केशरी आणि पिवळ्या रंगांसाठी कॅडमियमची संयुगे वापरतात. म्हणून माझा नियम असा की भांडे बाहेरून कोणत्याही रंगाचे असो, अन्न लागते त्या आतल्या बाजूला पांढरा, करडा किंवा गडद निळा-काळा रंग असावा. आतून भडक लाल असलेल्या आणि कोणी बनवले ते कळत नसलेल्या भांड्यात टोमॅटोचे सार करू नये.

काच आम्ल सोसते की नाही हे घरीच पाहता येते. कारखान्यात सायट्रिक आम्लाचा दहा टक्क्यांचा द्राव पंधरा मिनिटे ठेवतात. आपण त्याऐवजी लिंबाच्या रसाचे चार-पाच थेंब टाकावेत, पंधरा मिनिटांनी धुऊन ती जागा पूर्ण कोरडी करावी, त्यावर मऊ पेन्सिलीने रेघ ओढावी आणि कोरड्या फडक्याने पुसावी. रेघ पुसली गेली तर काच शाबूत आहे. रेघ राहिली तर आम्लाने पृष्ठभाग खरवडला गेला आहे आणि पेन्सिलीचे ग्रॅफाइट त्या खडबडीत भागात अडकले आहे असे समजावे. लिंबू कारखान्यातल्या द्रावापेक्षा सौम्य असते, त्यामुळे लिंबालाच नापास झालेले भांडे आंबटासाठी सरळ बाद करावे. एक मात्र विसरू नये: आधी लिंबू न लावलेल्या जागी पेन्सिल ओढून पाहावी, नाही तर जुना दोष लिंबाच्या माथी मारला जाईल.

मलप्रभेकाठचा

एवढा वेळ वाचत होतो, बरणीचे कोणी बोलेना, म्हणून लिहितो. आम्ही खानापूरकडचे कुंभार. वडिलांच्या काळी घरामागे आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी, लागत असे. आता धाकटा भाऊ चाक चालवतो आणि मी हिशेब पाहतो. आमच्या भागातल्या लाल मातीचे वेगळे कौतुक करत नाही; मडकी, कुंड्या आणि कौले यांसाठी ती दूरवर माहीत आहे आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची केंद्रीय संस्थाही खानापुरातच आहे. गाडगे आणि मडके या शब्दांना तर सीमाप्रश्न कधी कळलाच नाही. आमच्याकडे येणारे कन्नड गिऱ्हाईक 'गडिगे' म्हणते, 'मडके'ही म्हणते, आणि दोघेही एकाच भांड्याला टिचकी मारून पाहतात.

धाग्यात 'टिकाऊ' हा शब्द सगळे वापरत आहेत, पण चुलीवर टिकणे वेगळे आणि लोणच्यात टिकणे वेगळे. एका कामाला जे भांडे टिकते ते दुसऱ्या कामाला हमखास जाते. हे आमच्या मालावरून सांगतो.

आम्ही माती मळताना तिच्यात घोड्याची लीद आणि राख घालतो. आव्यात आठशे-नऊशे अंशांपर्यंत ताव लागतो, लीद जळून जाते आणि तिच्या जागी बारीक छिद्रे उरतात. मडक्याच्या अंगातून पाणी झिरपते आणि बाहेर वाफ होऊन आतले पाणी गार होते ते याच छिद्रांमुळे. चुलीवर मडके तडकत नाही तेही याच छिद्रांमुळे. तळ तापून फुगतो, कड त्या मानाने गार असते, त्या ओढाताणीत बारीक चीर पडतेच. पण ती चीर चालत जाऊन पहिल्या छिद्रापाशी थांबते. जुन्या मडक्याला अशा शेकडो अर्ध्यावर थांबलेल्या चिरा असतात आणि त्यात आमटी शिजत असते. नवे मडके रात्रभर पाण्यात ठेवून त्यात पहिल्यांदा तांदळाची पेज उकळायची, म्हणजे पेजेतला चिकटा छिद्रांत बसतो आणि पाझर कमी होतो.

बरणीचे अगदी याच्या उलट. ती पांढऱ्या, निवडक मातीची असते आणि बाराशे अंशांच्या वर भाजलेली असते. एवढ्या तावात मातीतला काही भाग वितळून काच होतो आणि छिद्रे बुजवून टाकतो. म्हणून मीठ, तेल, आंबट यांतले काहीही तिच्या अंगात शिरत नाही, आणि आपण तोंडाला दादरा बांधून ती वर्षभर ठेवू शकतो. पण हीच बरणी चुलीवर ठेवली तर पहिली चीर अडायला छिद्रच नसल्यामुळे ती आरपार जाते. आमच्या गावात एकीने तूप पातळ करायला बरणी थेट गॅसवर ठेवली. तळ जसाच्या तसा शेगडीवर राहिला आणि बाकीची बरणी हातात आली.

आता वाटसरूंच्या बरणीकडे येतो. अंगावर जे चिरांचे जाळे दिसते ते वरच्या काचेचे आहे. भाजून गार होताना काच आणि खालची माती सारख्याच आकसल्या तर बरे. काच जास्त आकसली की ती ताणली जाते, आणि काचेला दाब सोसतो, ताण सोसत नाही, म्हणून ती जाळीदार फुटते. तेवढ्याने बरणी वाईट ठरत नाही. खालची माती पक्की भाजलेली असेल तर त्या चिरा नुसत्या दिसायला असतात. पण आपली बरणी बाहेरून पांढरी होते, याचा अर्थ मीठ चिरांतून मातीत शिरते आहे आणि तिकडून बाहेर येऊन सुकते आहे. म्हणजे खालची माती कच्ची राहिली आहे. भट्टीत ती कुठे तरी ताव कमी लागलेल्या कोपऱ्यात बसली असणार.

खात्री करायची असेल तर बरणी पालथी घाला. तळाला काच नसते, कारण काच असती तर ती भट्टीच्या फळीला चिकटली असती. त्या उघड्या तळाला जिभेचे टोक लावा. पक्क्या मातीला जीभ सरकते, कच्च्या मातीला ती चिकटते. हसू नका, आमचे आजोबा दुकानात उभे राहून हेच करत, आणि दुकानदार नाराज होत असे. दुसरी परीक्षा टिचकीची : खणखणीत वाजली तर बरी, बद्द वाजली तर कुठे तरी तडा आहे.

भट्टीवरचा

मलप्रभेकाठच्यांनी दाब आणि ताण यांचे जे लिहिले आहे तेच एनॅमललाही लागू पडते, म्हणून एक पुरवणी जोडतो. गार होताना पत्रा काचेपेक्षा जास्त आकसतो, त्यामुळे चांगल्या भांड्यातली काच कायम आवळलेली असते आणि म्हणूनच ती मजबूत असते. पण कडेला पत्रा बाहेर वळवलेला असतो. त्या वळणावर तोच दाब काचेला पत्र्यापासून उचलू पाहतो. म्हणून सगळ्या एनॅमलच्या भांड्यांचा पहिला टवका कडेला, कानाला किंवा तोटीच्या टोकाला उडतो. चांगला कारखाना कड बारीक न ठेवता गोल वळवतो किंवा तिथे स्टीलची पट्टी बसवतो. विकत घेताना ठिपके पाहू नयेत. कडेवरून बोट फिरवावे, वजन हाताला तोलून पाहावे आणि अंगठ्याने अंग दाबावे. अंग दबले तर पत्रा पातळ आहे. पत्रा वाकतो आणि काच वाकत नाही.

रिकामे पातेले तापवू नये आणि तापलेल्यात गार पाणी ओतू नये, एवढे पाळले तर चांगले भांडे सहसा दगा देत नाही. तळाला करपले तर तारेची घासणी न लावता पाण्यात खाण्याचा सोडा घालून उकळावे. इंडक्शनच्या शेगडीवर ते चालते, कारण पोटात लोखंड आहे.

खडेबाजार

एक शंका विचारतो. हल्ली रस्त्याच्या कडेला लाल मातीच्या चकचकीत कढया आणि तवे विकायला असतात. त्या वापरण्यायोग्य असतात का?

मलप्रभेकाठचा

चकाकी कशाची आहे ते आधी पाहावे. गुळगुळीत दगडाने घोटून आणलेली चकाकी मंद आणि मऊ असते. तिचे भय नाही. प्लास्टिकसारखी चमक असेल आणि गरम पाणी ओतल्यावर रंगाचा वास आला तर तो सरळ व्हार्निश आहे. त्यात फुले ठेवावीत.

फळ्यापाशी

यात एक तिसरा प्रकारही आहे, आणि तो सर्वांत वाईट. कमी तावात काच वितळावी म्हणून पूर्वी जगभर कुंभार तिच्यात शिशाचे ऑक्साइड घालत आले आहेत. आपला पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचेच ऑक्साइड. अशी झिलई दिसायला फार सुंदर असते, पण दही, चिंच किंवा लोणचे तिच्यातले शिसे हळूहळू काढून घेते, आणि त्याची ना चव लागते ना वास येतो. लाल मातीच्या भांड्यावर आतून रंगीत काच असेल आणि विकणारा तिच्याबद्दल काही सांगू शकत नसेल, तर आंबट पदार्थ त्यात ठेवू नये.

शहापूरचा वाटसरू

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवडे लागले, पण सांगितलेले सगळे करून पाहिले.

नव्या पातेल्याचे टवके भिंगाखाली पाहिले. एकूण अकरा आहेत, सगळे अर्धगोल, पत्र्याला कुठेही पोचा नाही. लिंबाच्या परीक्षेत मात्र ते आतून-बाहेरून उत्तीर्ण झाले. रेघ एका फटक्यात पुसली गेली. म्हणजे काच उत्तम आणि पत्रा चुकीचा. भिंगातून काढलेली छायाचित्रे विक्रेत्याला पाठवली आहेत. त्यानंतर त्यांच्याकडून "आपटले" हा शब्द आलेला नाही, आणि दुसराही कोणता शब्द आलेला नाही.

आजीच्या पातेल्याचा निकाल अगदी उलटा लागला. अंगावर रेघ पुसली जाते, पण तळाशी ती पुसली जाईना. सरांनी बजावल्याप्रमाणे लिंबू न लावलेल्या तळावर रेघ ओढली, तर तीही राहिली. म्हणजे लिंबाचा दोष नाही. अक्का म्हणतात तशी ही राखेची करणी आहे. तिरक्या उजेडात तळावर गोल गोल ओरखडे स्पष्ट दिसतात, आणि ते सगळे एकाच दिशेने गेलेले आहेत. आजी डावखुरी होती हे मी विसरलो होतो.

बरणीच्या तळाला जीभ लावली. चिकटली. टिचकी खणखणीत वाजते, म्हणजे तडा नसावा. मग स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केले, १,८६० ग्रॅम भरले, आणि रात्रभर पाण्यात बुडवून, पुसून पुन्हा केले, तर जेमतेम चार ग्रॅम वाढले. माती कच्ची असेल तर तिने पाणी भरपूर प्यायला हवे ना? इथे मी गोंधळलो आहे.

मलप्रभेकाठचा

तिच्या अंगात पाण्याला जागाच उरलेली नाही. इतक्या वर्षांचे मीठ आणि तेल छिद्रांत बसले आहे, म्हणून काटा फसतो. बरणी मोठ्या बादलीत कोमट पाण्यात बुडवून ठेवा, रोज पाणी बदला, आठ दिवस हे करा. मग पालथी घालून कडक उन्हात आठवडाभर वाळवा आणि नंतर वजन करा. बदललेले पाणी फेकण्यापूर्वी रोज थेंबभर चाखून पाहा.

शहापूरचा वाटसरू

पहिल्या दिवशीचे पाणी स्पष्ट खारट लागले, चौथ्या दिवसापर्यंत चव राहिली, सहाव्या दिवशी लागेनाशी झाली. पाण्यावर दोन दिवस तेलाचा तवंगही होता. आठ दिवस गच्चीवर वाळवल्यावर आज सकाळी वजन केले, १,८२२ ग्रॅम भरले. म्हणजे अडतीस ग्रॅम मीठ-तेल बाहेर आले. त्यानंतर पुन्हा रात्रभर पाण्यात ठेवली तर या वेळी एका रात्रीत एकतीस ग्रॅम पाणी प्याली.

मलप्रभेकाठचा

मग निकाल लागला. लोणचे घालू नका. यंदाही ती बाहेरून पांढरी होईल, आणि मीठ आत सुकताना फुगून एक दिवस काचेचे पापुद्रे सोडवील. सुक्या वस्तूंना ती आणखी पन्नास वर्षे हलणार नाही. डाळ, सुके खोबरे, मिरच्या, काहीही ठेवा. फक्त आता जे पाणी प्यायली आहे ते आधी पूर्ण वाळू द्या, नाही तर डाळीला जाळी धरेल.

निपाणीची अक्का

आणि आजीच्या पातेल्यात भात करा. पांढऱ्या भाताचा डाग पडत नाही.